उजवीकडं सरका

“समदे उजवीकडं सरका.”

मोटारीत बसलेल्या माणसांना असं सांगायची आमच्या मिस्त्रींची पद्धत होती. समदे म्हणजे समदे. मग आत शेठ असोत, तहसील कचेरीतले पेशकार असोत, की मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी असो. चालत्या गाडीत मिस्त्री हात हलवून सांगायचे आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडत सरकायची. मग “आता डावीकडं.” पुन्हा सगळी डावीकडं. असं चार वेळा झालं की बायका पुटपुटायला लागायच्या, कोंबडी ओरडायची, आणि मिस्त्री निकाल द्यायचे, “मागचं डावं. बेअरिंग चाललंय.”

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण त्यात शहाणपण होतं. चाकातल्या बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या की चाक घूंऽ घूंऽ करून रडायला लागतं. चारांतलं कुठलं रडतंय ते मात्र बसल्या जागी कळत नाही, आवाज सगळीकडून येतो. ज्या बाजूला वजन पडतं, त्या बाजूचं आजारी चाक जास्त रडतं. म्हणून माणसं इकडून तिकडं हलवायची. दुसरा एखादा मेकॅनिक हा फरक कानांनी ओळखेल. मिस्त्रींना ते जमणारं नव्हतं, कारण मिस्त्री बहिरे होते.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यांनी ते लपवण्यात निम्मं आयुष्य घालवलं, मी आणखी कशाला लपवू?

निजामाचं राज्य होतं, तिकडं लांब कुठं तरी लढाई चालली होती, आणि येरमाळ्यात एकच मोटार होती. ती आमच्या शेठची. शेठ लिंगायत, भुसार मालाचे व्यापारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. एक गोष्ट दोनदा विचारणं त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांचा डायवर. मिस्त्रींचं दुकान रस्त्याकडेला चिंचेखाली. चार खांब, वर पत्रा, संपलं दुकान. एका मोटारीवर कुणाचं पोट भरणार? म्हणून मिस्त्री बैलगाड्यांच्या चाकांना धावा ठोकत बसायचे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तरुणपणी ते हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात होते. तिथं उघड्या इंजनांशेजारी पंधरा वर्षं काढली आणि येताना कान तिथंच ठेवून आले.

ऐकायचे दातांनी. शिसवाची हातभर काठी होती त्यांच्याकडं. तिचं एक टोक मोटारीच्या दुखऱ्या जागी टेकवायचं, दुसरं दातांत गच्च धरायचं. आवाज काठीतून दातात, दातातून डोक्यात. मी एकदा करून बघितलं. जबड्याला मुंग्या आल्या, जीभ थरथरली आणि अर्धा तास माझं मलाच बोलता येईना. मिस्त्री म्हणाले, “कानात मळ साचतो. दातात काय साचतंय?”

काठी तोंडात घ्यायच्या आधी ते सगळ्यांना दटावायचे, “गप बसा. गाडी बोलायलीय.” लोक चिडीचूप. काय तो माणूस, किती बारीक कान, असं म्हणत लोक बघत राहायचे. बहिऱ्याला कशाला हवी शांतता? मला फार उशिरा उमगलं. सगळे गप्प असले की कुणी काही विचारत नाही, आणि कुणी विचारलं नाही की उत्तर द्यावं लागत नाही.

समोर बसून कुणी सावकाश बोललं तर त्यांना ओठांवरून कळायचं, एरवी कुणी विचारलंच तर तीन उत्तरं तयार होती. बाईमाणसाला “व्हय”. बाप्यामाणसाला “बघू”. सरकारी माणसाला “मेहेरबानी, हुजूर”. या तिन्हींवर त्यांनी संसार केला. पोस्टमननं पेढा पुढं करून सांगितलं, “मिस्त्री, मला मुलगा झाला.” मिस्त्री म्हणाले, “बघू.” पाटलाच्या सुनेनं गमतीनं विचारलं, “मिस्त्री, सासूबाईंना मोटारीखाली घालू का?” मिस्त्री म्हणाले, “व्हय.” ती सून वर्षभर हसत होती. सासू मात्र मोटार दिसली की ओट्यावर चढायची.

आणखी एक भानगड होती. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. मिस्त्री कुजबुजले की चिंचेवरचे बगळे उडायचे. गुपित सांगायला मला अगदी जवळ बोलवायचे, कानाशी तोंड आणायचे आणि मग ते गुपित सगळ्या गावाला कळायचं.

माझी-त्यांची ओळख झाली तेव्हा तोंडात दोनच दात उरले होते. उजव्या बाजूला वर एक, खाली एक, समोरासमोर. काठी धरायला तेवढी जोडी पुरत होती. ती त्यांनी कशी जपली म्हणून सांगू. दिवसातून तीन वेळा लिंबाची काडी. भाकरी दुधात भिजवून. ऊस बंद, फुटाणे बंद. थंडीत शेतात हुरडा भाजायला सगळे बसायचे, तेव्हा हा माणूस वाऱ्याची दिशा बघून बसायचा आणि नुसता वास घ्यायचा. मी म्हणालो, खा की चार दाणे. त्यांनी माझे ओठ बघितले, मान हलवली. “ही जोडी गेली की म्या मिस्त्री न्हाय. मग नुसत्या धावा ठोकायच्या मरेपर्यंत.”

एका चैत्राच्या तोंडावर शेठनी ठरवलं की गावच्या येडाई देवीच्या जत्रेपासून प्रवाशांची सर्व्हिस मोटार सुरू करायची. घरची मोटार घरीच राहणार, म्हणून दुसरी हवी. आमच्या भागातल्या वाशीला एका देशमुखांकडं जुनी, कापडी टपाची मोटार विकायला होती. शेठ मिस्त्रींच्या समोर बसून म्हणाले, “तुमी तपासा. चांगली असली तर घेतो, आन् सर्व्हिसचे मिस्त्री कायम तुमी. फसलो, तर पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा न्हाय.”

मिस्त्रींनी ओठ वाचले असावेत, कारण त्या दिवशी मला चिंचेखाली बोलावून ते कुजबुजले, “कायमचं काम म्हणाले. धावा बंद.” सगळं गाव त्यांचं अभिनंदन करायला आलं. मिस्त्रींना कळेना, लोकांना कसं समजलं.

वाशीला गेलो तर देशमुखांच्या दारात मोटार पिवळीधमक. टप, दिवे, चाकं, सगळीकडं भंडारा उधळलेला. “अणदूरच्या खंडोबाचा हाय,” देशमुख म्हणाले. “आता हिला काय धाड भरलीय?” जाडजूड, गोरा, हसतमुख माणूस. पेट्रोल परमिटवर मिळायचं. आमच्याजवळ एकच डबा. म्हणजे वाशी ते येरमाळा एकदाच चालवून बघायची, त्यात काय कळेल ते कळेल.

निघायच्या आधी ओसरीवर बसवलं. देशमुखीणबाई गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. लाडू असा की फरशीवर पडला तर फरशी बदलावी लागेल. “मिस्त्री, घालू का?” “व्हय.” “आणखी एक?” “व्हय.” मी लांबून हात हलवत होतो, डोळे वटारत होतो. पण वाढणाऱ्या बाईला नाही म्हणायची त्यांच्या तोंडाला सवयच नव्हती, आणि पानात टाकायचं नाही ही आईची शिकवण. दोन लाडू त्यांनी भिजवून, चघळून कसेबसे उतरवले. “एक शेवटचा?” “व्हय.”

तिसऱ्याला कट् असा आवाज आला. तो मला ऐकू आला, शेठना आला, घरातल्या मांजरालाही आला. मिस्त्री जागच्या जागी थिजले. मग त्यांनी तोंडातून काही तरी काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. माझ्याकडं सरकून कुजबुजले, “डायवर, वरचा गेला.”

“कोण गेला?” देशमुखांनी विचारलं.

“वरच्या आळीतले एक म्हातारे,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

“अरेरे,” देशमुख हळहळले. “काय वय होतं?”

“बघू,” मिस्त्री म्हणाले.

निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी शेठ, मागं देशमुख आणि मिस्त्री. अर्ध्या कोसावर आवाज सुरू झाला. घूंऽ घूंऽ. मला स्पष्ट ऐकू येत होता, पण कुठल्या चाकाचा ते देवाला ठाऊक. मागून हुकूम आला, “समदे उजवीकडं सरका.” देशमुखांचं वजन उजवीकडं आलं तशी मोटार वाकली. आरशात बघितलं तर मिस्त्रींनी काठी फळीवर टेकवून हिरड्यांत धरलेली. ती निसटत होती, पुन्हा धरत होते. “डावीकडं.” पुन्हा “उजवीकडं.” देशमुखांना घाम फुटला. मिस्त्रींनी नेहमीसारखे डोळे मिटलेच नाहीत. ते माझ्याकडं बघत होते, आणि मला काही सांगता येत नव्हतं. ओरडून सांगावं तर शेठना कळणार, न ओरडावं तर मिस्त्रींना कळणार नाही.

एका लिंबाखाली थांबायला लावलं. जॅक लावून पुढचं एकेक चाक उचललं. मी हातानं चाक फिरवायचं आणि त्यांनी आसाला काठी लावून ऐकायचं. डावं झालं. काही नाही. उजवं घेतलं. काठी हिरड्यांतून घसरली, गालाला काळा ओरखडा उठला. पुन्हा लावली. पुन्हा घसरली. मग त्यांनी प्रयत्न सोडला. काठी तशीच आसावर उभी, आणि तिच्या वरच्या टोकावर त्यांनी हरल्यासारखं कपाळ टेकलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. काय करावं सुचेना म्हणून मी नुसता चाक फिरवत राहिलो.

“मिस्त्री झोपले का काय?” देशमुख म्हणाले.

मिस्त्रींनी डोकं उचललं. पुन्हा टेकलं. पुन्हा उचललं, पुन्हा टेकलं. मग माझ्याकडं वळून एका दातानं हसले. “थांबू नको. फिरव,” म्हणाले, आणि नंतर, वाशीपर्यंत जाईल अशा आवाजात कुजबुजले, “कपाळालाबी ऐकू येतंय की रं.”

शेठ तेव्हा रस्त्यापलीकडं पाणी पीत होते. त्यांनी वळून बघितलं, आणि तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

“पुढचं उजवं,” मिस्त्रींनी निकाल दिला. “आतल्या दोन गोळ्या फुटल्यात.” कपाळावर काठीच्या वंगणाचा काळा गोल ठिपका उमटला होता. देशमुख म्हणाले, धूळ गेली असेल. मिस्त्री म्हणाले, “बघू.”

येरमाळ्याच्या अलीकडं चढ लागतो. तिथं दुसरं नाटक झालं. मी पाय दाबतोय, इंजन बोंबलतंय, आणि मोटार जागची हलायला तयार नाही. इंजनाची ताकद चाकांकडं पोचवायला मध्ये क्लच असतो, आणि त्या जुन्या गाड्यांत त्याला चामडं असायचं. चामड्याला तेल लागलं की ते धरत नाही. विहिरीवर ओला दोर हातातून सुटावा, तसा सगळा जोर सुटून जातो. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हता तो वास.

“कुणाच्या घरी मसाला भाजायलेत?” शेठनी विचारलं. आजूबाजूला घर नाही, दार नाही, नुसता माळ. पण वास खरा होता, खमंग. मला तर भूक लागली.

मिस्त्रींचे कान गेले होते, नाक शाबूत होतं. त्यांनी दोनदा हुंगलं. “खोबरं,” ते म्हणाले, आणि पायाखालची फळी उचलली.

आत सगळा क्लच पिवळा. भंडारा भरलेला, आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे, कडेनं छान तांबूस भाजलेले. देशमुखांची मान खाली गेली. घसरत्या क्लचमध्ये कोरडी पूड टाकली की ती तेल पिते आणि क्लच चार घटका धरतो, एवढं कुणी तरी त्यांना सांगितलं होतं. देशमुखांनी विचार केला, खडूची पूड कशाला, घरात देवाची असताना? आणि टाकली ती कशी? देवावर उधळतात तशी. खोबऱ्यासकट. हळद तेल पीत होती आणि खोबरं तेल सोडत होतं.

“म्या देवाचं नाव घेऊन घातलंय,” देशमुख म्हणाले. “लबाडी न्हाय ती.” तोंडाकडं बघितलं तर माणूस खरंच तसं मानत होता.

शेठ रागावणार होते. पण समोर खंडोबाचा भंडारा. शंकराचं लेकरू असलेला माणूस त्याच्यावर रागावणार कसा? त्यांनी आधी चप्पल काढली आणि क्लचला हात जोडले. मग आम्हीही जोडले. मिस्त्रींनी खाली उपरणं पसरलं, एक कण जमिनीवर पडू दिला नाही. सगळा भंडारा खरवडून काढला, चौघांच्या कपाळी लावला आणि खोबरं वाटलं. “परसाद हाय.” प्रसादाला नाही म्हणता येत नाही. शेठनी खाल्लं, देशमुखांनी खाल्लं, मी खाल्लं. दोन दिवस ढेकरांतून इंजन ऑइल येत होतं. मिस्त्रींनी आपला तुकडा दगडावर ठेवून हातोडीनं कुटला आणि मग तोंडात टाकला.

मिस्त्रींनी आपल्या पिशवीतली खडूची पूड क्लचला लावली. मोटार निमूट चढली. वर पोचल्यावर मिस्त्री म्हणाले, “गाडी वंगाळ न्हाय, शेठ. घ्या. एक बेअरिंग नवं, क्लचला चामडं नवं. मग दहा वरसं मरत न्हाय.”

येरमाळ्यात चिंचेखाली मोटार उभी केली. मिस्त्री लगेच पुढच्या उजव्या चाकाशी पाठमोरे बसले. शेठ त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. घसा साफ केला. “मिस्त्री, आजपास्नं तुमी सर्व्हिसचे. कायमचे. ऱ्हाता ना?”

सावली बघून मिस्त्रींना कळलं की मागं कुणी तरी बाप्यामाणूस बोलतोय. न वळता म्हणाले, “बघू.”

मी कपाळाला हात लावला. ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं हुरडा सोडला, ऊस सोडला, ती मागं येऊन उभी होती, आणि हा म्हणतोय बघू. शेठचा चेहरा आवळला. दोनदा विचारायची सवय नाही, ते वळून चालायला लागले. दहा पावलं गेले असतील. मी धावलो. मिस्त्रींचं गुपित फोडायचं होतं, आणि त्याबद्दल ते मला माफ करतील की नाही ते माहीत नव्हतं.

“शेठ,” मी म्हणालो, “पाठीमागून नका विचारू. समोर येऊन विचारा.”

शेठनी माझ्याकडं बघितलं. मग मिस्त्रींच्या पाठीकडं. मग त्या काठीकडं. लिंबाखाली ऐकलेलं त्यांना आठवलं असावं.  मग परत आले, चाकाला वळसा घातला, आणि पांढऱ्या धोतरानिशी त्या तेलकट मातीत मिस्त्रींच्या समोर उकिडवे बसले. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मिस्त्री. कायमचे. ऱ्हाता का?”

मिस्त्री ओठांकडं बघत होते. हातातला पाना खाली गेला. कपाळावर एक काळा ठिपका, त्याच्यावर पिवळा भंडारा, आणि डोळ्यांत पाणी.

“व्हय,” ते म्हणाले.

पुरुषाला त्यांनी “व्हय” म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

या विषयावर शेठ पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त मिस्त्रींशी बोलायचं तर समोर येऊन बोलायचे, आणि त्यांचं बघून आम्ही सगळेच तसं करायला लागलो. बेअरिंग सोलापूरहून आलं. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर मुन्शीनं ते उलटंसुलटं करून विचारलं, ही चीज काय आहे. मिस्त्री म्हणाले, “मेहेरबानी, हुजूर.” मुन्शीनं खूश होऊन सोडून दिलं. त्या थंडीत हुरड्याला मिस्त्री वाऱ्याची दिशा न बघता आगटीला चिकटून बसले. एका दातानं आणि बाकी हिरड्यांनी त्यांनी इतका हुरडा खाल्ला की तिसऱ्या दिवशी वैद्याला बोलवावं लागलं. कपाळावरचा काळा ठिपका पुढं जाईनासा झाला. परगावची माणसं त्यांना बुक्का लावलेले माळकरी समजून पाया पडायची. मिस्त्री आशीर्वाद द्यायचे, “बघू.”

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या थंडीत मिस्त्री तापानं गेले. शेवटच्या आठवड्यात अंथरुणावरून उठवत नव्हतं. मी मोटार त्यांच्या खिडकीशी आणायचो, एक लांब वेळू मडगार्डवर टेकवून खिडकीतून आत सारायचो. आतलं टोक ते कपाळाला लावायचे. बायको काढा घेऊन आली की तिला हातानं थांबवायचे. “गप बस. गाडी बोलायलीय.”

परवा मी एस.टी.नं धाराशिवला निघालो होतो. येरमाळा सोडला आणि पायाखालून आवाज आला. घूंऽ घूंऽ. माझेही कान आता तसेच होत चाललेत, पण हा आवाज मी ओळखतो. काय झालं कुणास ठाऊक, मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना म्हणालो, “समदे उजवीकडं सरका.”

कुणी हललं नाही. शेजारचा पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला, “बाबा, बसा की. जागा हाय भरपूर.”

मी एकटाच उजवीकडं सरकलो आणि समोरच्या दांडीला कपाळ टेकवून बसलो.